जनगणनेच्या नामवार नोंदी जपल्या पाहिजेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

1 मार्च 2027 हा संदर्भदिन धरून होणाऱ्या जनगणनेविषयी सध्या बरेच लिहिले जात आहे. जातनिहाय मोजणी, मतदारसंघांची फेररचना आणि मोजणीची डिजिटल पद्धत यांवर भरपूर मते मांडली गेली. पण ज्या नोंदींत प्रत्येक माणसाचे नाव, वय, जन्मस्थान आणि व्यवसाय लिहिला जाणार आहे, त्या नोंदींचे आकडे काढून झाल्यावर पुढे काय होणार, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. गेल्या काही वर्षांत मी आमच्या खापरपणजोबांच्या आयुष्याचा माग काढत आलो आहे. त्या शोधात या प्रश्नाचे महत्त्व मला जसे कळले, तसे ते वाचकांपुढे आणि शासनापुढे ठेवावे, म्हणून हे पत्र.

आमचे खापरपणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबई इलाख्याच्या फौजेत भरती झालेले शिपाई. त्यांच्या मागे घरात उरले ते दुसऱ्या अफगाण युद्धाचे एक पदक आणि ‘काबूलच्या लढाईत होते’ एवढे एक वाक्य. अशा पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजीत कोरलेली असते, आणि शोधाला पहिला आधार मिळतो तो तिथेच. आमच्या पदकावर 19वी मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्री आहे. ही पलटण 1880च्या उन्हाळ्यात कंदहारच्या किल्ल्यात होती. 27 जुलैला मैवंदच्या मैदानावर इंग्रजी फौजेचा दारुण पराभव झाला, त्यानंतर कंदहारला वेढा पडला, आणि 16 ऑगस्टला देह खोजा या गावावर जो हल्ला करण्यात आला त्यात ही पलटण सामील होती. घरच्या वाक्यातले काबूल म्हणजे प्रत्यक्षात कंदहार होते. कोकणातल्या अनेक घरांत ‘काबूल’ची अशी आठवण सांगितली जाते, मुंबई फौजेच्या बहुतेक पलटणी त्या युद्धात दक्षिणेकडे, कंदहारच्या बाजूला होत्या, हे त्या घरांनी ध्यानात ठेवावे. पदकाच्या फितीवर कंदहारची पट्टी, म्हणजे त्या लढाईचे नाव कोरलेली धातूची पट्टी, असेल, तर तो शिपाई 1 सप्टेंबर 1880च्या लढाईचा मानकरी ठरतो. मैवंदसाठी मात्र पट्टी दिलीच गेली नाही, त्यामुळे तिथे लढलेल्या माणसाचे पदक त्याविषयी काही बोलत नाही.

यापुढची वाट अवघड आहे. पलटणींचे क्रमांक 1903 साली बदलले आणि 1922 साली पुन्हा बदलले. 19वी मुंबई पलटण आधी 119वी झाली आणि नंतर जाट रेजिमेंटची दुसरी बटालियन. कोकणातल्या शिपायाचा वारस स्वाभाविकपणे बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीकडे चौकशी करतो. पण त्याच्या पूर्वजाच्या पलटणीचा वारसा एका उत्तर हिंदुस्थानी रेजिमेंटकडे गेलेला असू शकतो, हे त्याला कोणी सांगत नाही. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे लष्करी दप्तर आहे आणि त्यात पदकांच्या याद्या आहेत. तथापि गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि सैनिकांची जशी माणूसवार कागदपत्रे तिथे सापडतात, तशी हिंदी शिपायांची सापडत नाहीत.

नावांचाही प्रश्न आहे. त्या काळच्या हजेरीपटांत आडनाव सहसा नसते. शिपायाचे नाव आणि बापाचे नाव, तेही कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे, इंग्रजीत उतरवलेले. महार शिपायांच्या नावापुढे ‘नाक’ लागत असे आणि बेने इस्राईल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, शिपायांच्या नावापुढे बहुधा ‘इस्राईल’, त्यामुळे या दोन समाजांतील माणसे यादीत निदान ओळखता येतात. कोरेगावच्या विजयस्तंभावर कोरलेल्या नावांत ‘नाक’ शेवटी असलेली नावे आजही वाचता येतात आणि त्यामुळेच 1818 सालच्या तिथल्या लढाईत उतरलेल्या पलटणीत कोण होते याविषयी वाद उरत नाही. ज्या फौजेत महार समाजाच्या कित्येक पिढ्यांनी सेवा केली, तिचे दरवाजे 1890च्या दशकाच्या आरंभी त्यांना बंद झाले. त्याविरुद्ध अर्ज करणारे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः फौजेतून निवृत्त झालेले होते. अशा घरांसाठी पलटणीचा कागद हा पूर्वजांच्या कर्तृत्वाचा जवळजवळ एकमेव लेखी पुरावा आहे. वतनाचे, जमिनीचे आणि देवस्थानाचे कागद ज्यांच्याकडे होते त्यांची वंशावळ कशीही जुळते. ज्यांच्याकडे ते नव्हते, त्यांना फौजेच्या आणि खानेसुमारीच्या, म्हणजे जनगणनेच्या, दप्तराखेरीज दुसरा आधार नाही.

आणि खानेसुमारीचे दप्तर तर आपण ठेवलेच नाही. 17 फेब्रुवारी 1881 रोजी साऱ्या हिंदुस्थानात एकाच वेळी पहिली शिरगणती झाली. गणनेच्या तक्त्यात माणसाचे नाव, वय, धर्म, जात, मातृभाषा, जन्मस्थान, शिक्षण आणि व्यवसाय, इतके सगळे लिहिले गेले होते. आमच्या खापरपणजींचे नाव काय, गणनेच्या रात्री त्या गावी होत्या की मुंबईत, घरात मुले किती होती, हे सारे त्या एका तक्त्यावर असणार. छापील अहवालांतून मला एवढेच कळते की रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 10 लाखांच्या जवळपास होती आणि त्या जिल्ह्यात जन्मलेली सव्वा लाखाहून अधिक माणसे मुंबई शहरात राहत होती. आकडे काढून झाल्यावर मूळ तक्ते जपले गेले नाहीत. याउलट इंग्लंडमध्ये 1841पासूनचे नामवार तक्ते राखून ठेवले आहेत; ते 100 वर्षे बंद राहतात आणि मग सर्वांना खुले होतात. 1921 सालचे तक्ते 2022च्या जानेवारीत खुले झाले. अमेरिकेत हीच मुदत 72 वर्षांची आहे. आपल्यावर राज्य करणाऱ्यांनी स्वतःच्या देशातल्या मजुराचे नाव जपले आणि इथल्या मजुराची फक्त संख्या ठेवली, हे मला अन्यायाचे वाटते. स्वातंत्र्यानंतरही आपण तीच रीत चालू ठेवली, याचे दुःख अधिक आहे.

त्याच शतकात मुंबई बंदरातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांचे उदाहरण पाहावे. तिकडच्या स्थलांतर दप्तरात नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा आणि गाव लिहिलेले असून पुढच्या काळातील कित्येकांची छायाचित्रेही आहेत, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ते आजही पाहता येते. परदेशी गेलेल्या भावाचा चेहरा सापडतो आणि गावात राहिलेल्या भावाचे नावही सापडत नाही.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली केंद्र शासनाला. 1948च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय ठेवली आहे आणि ते योग्यच आहे, विशेषतः जातीची नोंद होणार असताना. परंतु त्या गोपनीयतेला मुदत नाही. 2027च्या नामवार नोंदी पुसून न टाकता राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात 100 वर्षे पूर्ण बंदोबस्तात ठेवाव्यात आणि नंतर खुल्या कराव्यात, अशी तरतूद कायद्यात करावी. माहिती डिजिटल असल्याने कागद साठवण्याच्या जागेची सबब आता उरलेली नाही.

दुसरी विनंती राज्य शासनाला. कुणबी नोंदींच्या शोधासाठी अलीकडे गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने महसुली कागद आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतील दप्तर तपासले गेले आणि मोडी वाचणारी माणसे कामाला लावली गेली. एका कारणासाठी उघडलेली ही दप्तरे आता पुन्हा बांधून ठेवू नयेत. त्यांतील सर्व जातींच्या, सर्व गावांच्या नोंदींची सूची करून ती पुराभिलेख संचालनालयामार्फत लोकांना उपलब्ध करावी, आणि सैनिकांच्या व त्यांच्या विधवांच्या निवृत्तिवेतनाचे जे जुने कागद तालुक्यांत पडून असतील, त्यांना वाळवी लागण्याआधी त्यांचा या सूचीत समावेश करावा.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी