बर्नआउटबाबत सर्व सभासदांना सूचना

नमस्कार मंडळी,

रविवारच्या ड्राइव्हआधी काहींनी विचारलंय, बर्नआउटने, म्हणजे गाडी जागेवर धरून चाकं गरगर फिरवत टायर घासण्याने, गाडीचं नुकसान होतं का? होतं. टायर जातात हे दिसतंच, पण खरा मार आतल्या भागांना बसतो.

इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणाऱ्या गाडीत ब्रेक दाबून चाकं फिरवली की मागचे ब्रेक पॅड इंजिनाच्या ताकदीविरुद्ध घासत राहतात. गाडी जागेवरच असल्याने रेडिएटरला समोरचा वारा नाही, त्यात आपल्या मुंबईचा उकाडा, म्हणून इंजिन तापतं. मॅन्युअल गिअरच्या गाडीत जळका वास आला, तर क्लच प्लेट जळायला लागली असं समजा. सगळ्यात घातक क्षण मात्र शेवटचा. गरगर फिरणारं चाक एकदम पकड घेतं आणि तो हिसका ड्राइव्हशाफ्ट, जॉइंट आणि डिफरन्शियल या चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या भागांना सोसावा लागतो. अर्धवट ओल्या रस्त्यावर तर असे हिसके एकामागून एक बसतात.

२०१५ च्या फोर्ड मस्टँग जीटीत लाइन-लॉक आलं. ते फक्त पुढचे ब्रेक धरून ठेवतं, म्हणून मागचे वाचतात. पण तेही ट्रॅकपुरतंच.

मरीन ड्राइव्ह, बीकेसी किंवा कुठल्याही सार्वजनिक रस्त्यावर बर्नआउट कुणीही करायचा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ (धोकादायक ड्रायव्हिंग) लागू शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहाटे तिथे आजी-आजोबा फिरायला येतात. गाडीपेक्षा मला त्यांची काळजी जास्त आहे.

ज्यांनी आधी केलाय, त्यांनी रविवारआधी मेकॅनिककडून क्लच, ब्रेक पॅड आणि टायर तपासून घ्या.