वेली सरसकट तोडू नयेत

महोदय,

मोठ्या झाडाला विळखा घातलेली जाडजूड वेल दिसली की 'ही झाडाचा रस पिते, तोडून टाका' असा सल्ला सर्रास दिला जातो. उष्णकटिबंधीय जंगलातल्या गारंबीसारख्या काष्ठवेलींबाबत तो चुकीचा आहे. बांडगुळासारखे या वेली झाडातून काही शोषत नाहीत. त्यांची मुळे जमिनीत असतात आणि अन्न त्यांच्याच पानांत तयार होते. झाडाचा त्यांना हवा असतो तो फक्त आधार. स्वतःला पेलणारे खोड उभारावे लागत नसल्याने बराचसा जोर पाने वाढवण्याकडे जातो.

उपद्रव मात्र खरा आहे. शेंड्यावर वेलीचा मांडव पसरला की झाडाचा प्रकाश अडतो, शिवाय जमिनीतल्या पाण्यातही वाटेकरी येतो. पनामातल्या जंगलात २०११ मध्ये काही भूखंडांतल्या वेली कापल्या आणि काही भूखंड तसेच राखले. पुढच्या तीन वर्षांत वेली राखलेल्या भूखंडांतली निव्वळ कार्बन साठवण (झाडांच्या वाढीतून साठलेला कार्बन, मेलेल्या झाडांतला वजा करून) दरवर्षी सुमारे ७६ टक्क्यांनी कमी भरली. पण याच वेली फळे देतात, माकडा-खारींना एका झाडावरून दुसऱ्यावर जायला वाट देतात. तेव्हा नेमकी कोणती वेल कापायची, हे आधी ठरवायला हवे.

त्यासाठी खोडाकडे नव्हे, शेंड्याकडे पाहावे. शेंड्याचा किती भाग वेलीने झाकला आहे त्याला ० ते ४ गुण देतात: वेल नसेल तर ०, पाव भागापर्यंत १, अर्ध्यापर्यंत २, पाऊण भागापर्यंत ३ आणि त्यापुढे ४. राखायच्या झाडावर ३ किंवा ४ गुण असतील तरच कोयता उचलावा. बाकीच्या वेली राहू द्याव्यात.

कापताना एक घाव पुरत नाही. लोंबणारे टोक जमिनीला टेकले की काही वेली पुन्हा मुळे धरतात. म्हणून एक घाव जमिनीलगत, दुसरा साधारण मीटरभर वर घालावा आणि मधला तुकडा काढून टाकावा. बुंध्याला धुमारे फुटतातच, त्यामुळे वर्षभराने पुन्हा फेरी हवी. वरचा भाग ओढून काढण्याचा मोह तर अजिबात नको. फांद्या मोडतात आणि वाळकी लाकडे डोक्यावर येतात. तो आपोआप वाळून गळू द्यावा.

लाकूडतोड करायची असेल तर मात्र पाडायच्या झाडांवरच्या २ सेंटिमीटरपेक्षा जाड वेली सहा ते बारा महिने अगोदर कापाव्यात. ऐनवेळी कापल्या तर त्या चिवटच असतात. एक झाड पाडताना शेजारची दोन-तीन सोबत ओढली जातात, आणि करवत धरणाऱ्याचा जीव धोक्यात येतो. वेलीची जाडी मुळापासून खोडाच्या वळणावळणाने १.३ मीटर टेप नेऊन मोजावी. सरळ उभी उंची धरली तर आकडे चुकतात.

वडवर्गातली गळफास घालणारी झाडे यात धरू नयेत. ती फांदीवर रुजून मुळे खाली सोडतात आणि पुढे स्वतःच्या बळावर उभी राहतात. त्यांचा बंदोबस्त करायचाच असेल, तर तो रोप फांदीवर लहान असतानाच करावा लागतो.

— एक वनस्पती अभ्यासक