माळ्यावरचे बेअरिंग अन् राहून गेलेलं थँक्यू

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव लिहीत नाही, जाताना तुम्हीच म्हणाल्या होत्या की काका ऑनलाइन कुठे माझं नाव टाकू नका, म्हणून नुसतं मॅडम. वयानं माझ्या मोठ्या पोरीएवढ्या असाल, पण तोंडातून अजून 'तू' काही निघत नाही. तुमच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांनी फोटो काढले, केक कापला, अन् मी मुद्दाम गेटवर गाडी खाली करायला जाऊन उभा राहिलो. लाजच वाटत होती, दुसरं काय. ते थँक्यू राहूनच गेलं, म्हणून आता मुलाकडून मराठी कीबोर्ड टाकून घेतला अन् बसलो लिहायला.

बाकीच्यांना माहीत नसेल म्हणून सांगतो. हिंगणा एमआयडीसीत आमची कंपनी आहे, ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवतो, मी 27 वर्षांपासून स्टोअरला. गेल्या वर्षी कंपनीत ईआरपी आलं, म्हणजे परचेस, स्टोअर, प्रॉडक्शन, डिस्पॅच, अकाउंट सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये. आधी प्रत्येकाचं आपापलं होतं, अकाउंटचं वेगळं सॉफ्टवेअर, पीपीसीच्या (प्रॉडक्शनचं प्लॅनिंग करणाऱ्यांच्या) एक्सेल शीट, अन् स्टोअरची माझी वही. मॅडम ते ईआरपी बसवणाऱ्या टीममध्ये होत्या.

सुरुवात तुम्हाला माहीतच आहे कशी झाली. वर्धा रोडवरच्या हॉटेलात मोठी मीटिंग, पडद्यावर बाण अन् गोल, सगळ्यांना 'परिवर्तन' लिहिलेल्या टोप्या, अन् शेवटी साहेबांनी विचारलं कोणाला काही शंका? कोणीच हात वर केला नाही. साहेबांना वाटलं सगळ्यांना पटलं. अहो, समोर जेवण लागलं होतं ना जी. दुसऱ्या दिवशी माझा हेल्पर त्या टोपीनं वजनकाटा पुसत होता.

माझ्या पोटात मात्र गोळा होता. 2017 च्या 1 जुलैला जीएसटी आला तेव्हाही एक पोरगा पेन ड्राइव्ह घेऊन आला होता, सॉफ्टवेअर टाकलं, अर्धा तास फटाफट माउस फिरवून दाखवला अन् गेला, त्यानंतर दोन महिने आम्ही रडलो. माझे मोठे बंधू बँकेत होते, ते म्हणाले अरे आमच्या काळात तर युनियन रस्त्यावर होती, 1984 ला बँकांत कॉम्प्युटर आणण्यावरचा रंगराजन समितीचा रिपोर्ट आला अन् मग लेजर पोस्टिंगच्या मशीन आल्या तेव्हा आम्हालाही वाटलं होतं की गेली नोकरी, पण नंतर रोज संध्याकाळी बॅलन्स जुळवायची कटकट गेली. ते सगळं ठीक आहे, पण त्यांना पेन्शन आहे, मला नाही.

मग मारबतीचा दिवस आला. नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी अन् पिवळी मारबत निघते, म्हणजे मोठे पुतळे, सोबत बडगे निघतात, तेही पुतळेच, ज्याचा ज्याचा राग आहे त्याचा बडग्या करायचा, गळ्यात तक्रारीची पाटी लटकवायची अन् 'घेऊन जा गे मारबत' ओरडत न्यायचं. आमच्या पोरांनी शॉपवर, म्हणजे कारखान्यात कामाच्या जागेवरच, पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर बनवला, त्याला हातपाय लावले अन् लंच टाइममध्ये लाइनीतून मिरवणूक काढली, 'सॉफ्टवेअर घेऊन जा गे मारबत!' मी पण होतो त्यात, खोटं कायले बोलू. अन् नेमक्या तुम्ही दारात उभ्या. म्हणलं झालं, आता ही बाई एचआरला सांगते.

तुम्ही डायरी काढली. बडग्याच्या गळ्यातल्या पाट्या वाचून एकेक लिहून घेतल्या. एकीवर होतं 'स्क्रीन इंग्रजी, ऑपरेटर मराठी'. एकीवर 'तिसऱ्या शिफ्टला कोण शिकवणार?' अन् एकीवर नुसतं 'आमच्या वहीनं काय पाप केलं?' ती माझी होती. हॉटेलातल्या मीटिंगमध्ये एक प्रश्न आला नव्हता, इथे एका पुठ्ठ्यावर अकरा आले. पुढच्या आठवड्यात रात्री अकराला कंपनीच्या गाडीतून तुम्ही अन् तुमचा तो पुण्याचा सहकारी तिसऱ्या शिफ्टला हजर. 27 वर्षांत रात्रपाळीला ट्रेनिंग द्यायला कोणी आलेलं मी पाहिलं नव्हतं, फायर ड्रिल पण आमची दिवसाच होते.

त्यानंतर तुम्ही चार दिवस स्टोअरमध्ये स्टूल टाकून बसल्या. शिकवलं काहीच नाही. नुसत्या पाहत होत्या. मला राग यायचा, म्हणलं ही काय सीआयडी आहे का. चौथ्या दिवशी विचारलं, काका, हे बोल्ट येतात किलोवर अन् जातात नगावर, मग शिल्लक कशी काढता? मी म्हणलं अंदाजानं. तुम्ही म्हणाल्या सिस्टिमला अंदाज येत नाही हो. मग आपण दोघांनी बारा एमएमचे, पन्नास लांबीचे शंभर बोल्ट मोजून काट्यावर टाकले, वजन आलं, त्यावरून एका किलोत किती नग ते काढलं. असं एक एक साइज घेत दीड दिवस. हात काळे, ओढणीला ग्रीस. तो आकडा मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या मूळ यादीत, टाकला नसता तर पहिल्याच दिवशी सिस्टिमनं सांगितलं असतं की पंधरा बोल्ट शिल्लक अन् लाइन बंद, अन् रॅकवर पंधरा किलोची थैली पडलेली असती. शिव्या मात्र मला बसल्या असत्या.

आता मुख्य गोष्ट. ही मी घरी पण सांगितली नव्हती.

स्टॉक मोजणीच्या वेळी तुम्ही माळ्यावर चढल्या. तिथे कूलरच्या जुन्या वाळ्याच्या पोत्यांमागे माझा माल होता. 6205 नंबरचे बेअरिंग, ऑइल सील, थोडे सर्क्लिप. वहीत नाही, कशातच नाही. चोरीचा नव्हता हो, एक नग कधी बाहेर गेला नाही. जेव्हा केव्हा लॉट जास्तीचा आला तेव्हा थोडा थोडा बाजूला टाकलेला. कारण माल दाखवला की परचेस पुढची ऑर्डर कापतं, म्हणतं तुमच्याकडे तर आहे, अन् मग सप्लायरची गाडी कुठे अडकली की लाइन थांबते अन् साहेब मला विचारतात. तो माळा होता म्हणून लाइन थांबली नाही, अन् स्टोअरमध्ये माझी जी काय किंमत होती ती त्या माळ्याच्या जोरावर होती. मला कॉम्प्युटरची भीती नव्हती मॅडम, एटीएम वापरतो, यूपीआय करतो. भीती ही होती की माळा उघडा पडला की मी चोर ठरणार, अन् नाही ठरलो तरी उद्यापासून मला कोण विचारणार.

तुम्ही पोतं परत जागेवर ठेवलं, खाली उतरल्या, हात धुतले अन् म्हणाल्या, काका, हा माल कुठे दाखवायचा? बस एवढंच. कुठून आला नाही, का लपवला नाही. मी गप्प. मग तुम्हीच समजावलं की याला सेफ्टी स्टॉक म्हणतात, प्रत्येक आयटमला खालची एक लेव्हल टाकायची, त्याच्या खाली माल गेला की सिस्टिम आपणहून परचेसला सांगते, अन् ती लेव्हल परचेसवाल्यांना कमी करता येणार नाही असं मी करून देते, किती ठेवायची ते मात्र तुम्ही सांगा. मी सांगितली. कोणता सप्लायर पावसाळ्यात उशीर करतो, कोणाचा माल नेहमी दोन नग कमी येतो, सगळं डोक्यात होतं, तुम्ही बसून सगळं लिहून घेतलं. मोजणीच्या रिपोर्टमध्ये तो माल 'जास्तीचा आढळला' म्हणून आला, सगळ्याच रॅकवर थोडा कमीजास्त निघाला होता त्यात गेला, कोणी काही विचारलं नाही.

अन् ती दसऱ्याची मीटिंग. साहेबांना मुहूर्तावर चालू करायचं होतं, शस्त्रपूजेबरोबर सर्व्हरची पूजा. नवरात्र ते दिवाळी ट्रॅक्टरची सगळ्यात मोठी सीझन, डिस्पॅचला श्वास घ्यायला वेळ नसतो. तुम्ही तिथे त्या अमेरिकेच्या हर्शी चॉकलेट कंपनीची गोष्ट सांगितली, 1999 ची, की त्यांनी ऐन सणाच्या तोंडावर जुलैमध्ये सगळं एकदम नव्या सिस्टिमवर टाकलं अन् हॅलोविनला, त्यांच्या चॉकलेटच्या सणाला, दहा कोटी डॉलरच्या आसपासच्या ऑर्डरी पोचवता आल्या नाहीत, चॉकलेट तयार असून. मी कोपऱ्यात चहाचा कप घेऊन उभा होतो, ऐकलं अन् अंगावर काटा आला. माल पडलाय पण निघत नाही, हे स्टोअरवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. साहेब चिडले, पण तारीख 1 डिसेंबर झाली. पूजा दसऱ्याला करून घेतली, ती काही वाया जात नाही.

तरी पहिल्या दिवशी व्हायचं ते झालंच. गाडी भरून चार तास उभी, माल रस्त्यानं न्यायला लागणारं ई-वे बिल निघेना, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, अन् वरून साहेब ओरडत आले की स्टोअरनं काय गोंधळ घातला. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाल्या, कस्टमर मास्टरमध्ये पिन कोड चुकलाय, तो आमच्या टीमनं टाकलाय, काकांचा संबंध नाही. आपली चूक भर शॉपवर कबूल करणारा माणूस आमच्याकडे लई कमी दिसतो जी.

लेबलचं पण लिहितो, नाहीतर डिस्पॅचवाला रागावेल. त्या पहिल्या थर्मल लेबलला ऑइलचा हात लागला की छपाई उडायची, बारकोड वाचायचाच नाही, तुम्ही रिबनवाला प्रिंटर मागवून दिला, आता टिकतात.

सगळं गोड गोड झालं असं पण नाही लिहिणार. एंट्री करायला जो कंत्राटी पोरगा होता त्याचं कंत्राट मार्चमध्ये संपलं, पुढे वाढवलं नाही. तुम्ही त्याला डिस्पॅचला घ्या म्हणून मेल केला होता हे मला नंतर कळलं. नाही घेतलं. तो आता वाडीला एका ट्रान्सपोर्टमध्ये आहे, भेटतो कधीकधी, तुमची चौकशी करतो. मला त्याच्यासमोर थोडं कसंतरीच होतं.

अजून एक. चालू झाल्यावर दोन महिने मी लपून वही लिहित होतो. तुम्हाला माहीत होतं, हो ना? कारण दर शनिवारी तुम्ही यायच्या अन् साळसूदपणे विचारायच्या, काका, सिस्टिममध्ये एवढे दाखवतंय, तुम्हाला काय वाटतं? अन् मी वहीत पाहून 'वाटतं' ते सांगायचो. तीन वेळा सिस्टिम चुकली, चार वेळा मी. मग एका शनिवारी वही घरीच विसरलो अन् माझ्या लक्षातही आलं नाही.

नागपूरला येणं झालं तर कंपनीत या, कॅन्टीनचा चहा तसाच वाईट आहे, पण बाहेर तर्री पोहा खाऊ घालतो, मागच्या वेळी डोळ्यांतून पाणी आलं होतं तरी दुसरी प्लेट घेतली होती तुम्ही.

माळ्याला तुम्ही सिस्टिममध्ये बिन नंबर, म्हणजे माल ठेवायच्या जागेचा नंबर, दिला होता, 'माळा-1'. तिथे सध्या 6205 चे 40 नग आहेत. स्क्रीनवर पण 40. आज सकाळीच चढून मोजले.

तुमचा,
स्टोअरवाला काका