ओटुआमच्या 'राणी' नव्हे, राजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घानामधील ओटुआम या गावच्या पेगीलीन बार्टेल्स यांच्यावरील लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख वाचनीय आहे. मात्र मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांना 'राणी' म्हटले आहे, ते चूक आहे. त्या गावच्या राजा झाल्या. एका शब्दासाठी एवढे कशाला, असे कोणी म्हणेल, परंतु त्या एका शब्दाने त्यांच्या निवडीतले सारे नवलच पुसले जाते.

ओटुआम हे फांटी लोकांचे गाव. फांटी हे आकान समाजातले, आणि आकानांमध्ये आसनाचा, म्हणजे गादीचा, वारसा आईच्या कुळातून चालतो. तेथे राणीचे पद पूर्वापार आहेच. तिला 'ओहेमा' म्हणतात. ती राजाची पत्नी नसते, तर त्याच्या आईकडच्या कुळातली कोणी वडीलधारी स्त्री असते, आणि आसन रिकामे झाले की त्यावर कोणाला बसवावे हे सुचवण्याचा मान तिचा असतो. (१९०० साली इंग्रज गव्हर्नरने अशांती या आकानांतल्याच लोकांचे सुवर्णासन मागितले, तेव्हा लढा उभारणाऱ्या, एजिसूच्या 'या आसांतेवा' नावाच्या बाई याच पदावर होत्या.) तेव्हा ओटुआमला राणी मिळाली असती, तर त्याची बातमी कशाला झाली असती? बार्टेल्स बसल्या त्या 'ओहेने'च्या, म्हणजे एरवी पुरुष बसतो त्या आसनावर.

बार्टेल्स वॉशिंग्टनमधील घानाच्या वकिलातीत सचिव होत्या आणि १९९७ पासून अमेरिकेच्या नागरिक होत्या. २००८ साली एके दिवशी पहाटे चारच्या सुमारास फोन आला की, त्यांचे राजेपदावरील मामा वारले असून मामांच्या जागी त्यांची निवड झाली आहे. वडीलधाऱ्यांनी इच्छुकांची नावे घेत पूर्वजांना मद्याचे अर्घ्य दिले, तेव्हा केवळ यांच्या नावाला जमिनीतून वाफ आली, अशी हकीकत त्या सांगतात. वाफेचे काय ते ज्याने त्याने ठरवावे. मला मात्र वाटते की, हजारो मैल दूर नोकरी करणारी बाई नावापुरती राजा राहील आणि कोळ्यांकडून येणारे शुल्क व जमिनीचे पैसे पूर्वीप्रमाणेच आपल्याच हातांत येत राहतील, असाही हिशेब काहींच्या मनात असावा. तो चुकला. त्यांनी गावाचा पैसा बँकेत ठेवायला लावला, पंचमंडळात स्त्रियांना घेतले, आणि वर्षातील बराच काळ वॉशिंग्टनहून फोनवर, तर रजेत प्रत्यक्ष जाऊन, सुमारे सात हजार वस्तीच्या त्या गावाचा कारभार पाहिला. आपल्या लेखात मुकुटाला आणि रंगीत केंटे वस्त्राला दोन परिच्छेद आहेत, या हिशेबाला मात्र एकच ओळ आहे. माझ्या मते हे प्रमाण उलटे हवे होते.

आणखी एक गोष्ट. स्त्रीला राजा करणे कायद्याच्या विरुद्ध होते, असे लेखातून सूचित होते. घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेने परंपरागत प्रमुखपदाला संरक्षण दिले आहे, आणि प्रमुखाची व्याख्या करताना योग्य कुळातील, रीतसर निवडून आसनस्थ केलेली 'व्यक्ती' असाच शब्द वापरला आहे. तेथे पुरुष असण्याची अट नाही. अडसर होता तो सवयीचा.

त्यांना संबोधावे कसे, हा प्रश्न उरतो, आणि तो मराठी वाचकाला सर्वांत सोपा जावा. राज्यारोहणानंतर त्यांचे नाव 'नाना अमुआ-अफेन्यी सहावे' असे झाले. आपल्याकडे नाना म्हटले की धोतर-उपरणे डोळ्यांपुढे येते. आकान भाषेत मात्र तो आदराचा शब्द आजोबांना, आजीला, राजाला आणि ओहेमाला सारखाच लागू पडतो. पुढील अंकात दुरुस्ती छापणार असाल, तर 'राणी'च्या जागी निदान 'नाना' छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे