तोंडमिळवणी झाली, पण कशाच्या जोरावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात नवा गव्हर्नर निवडून आला आणि त्याने पहिले अंदाजपत्रक मांडले, की प्रतिक्रियांचे ठरलेले चक्र सुरू होते. शाळांचा निधी कापला म्हणून शिक्षक संघटना संतापतात, करवाढ टळली म्हणून उद्योजक समाधान व्यक्त करतात, विरोधी पक्ष आकडे फुगवल्याचा आरोप करतो. मथळा मात्र बहुधा एकच असतो : 'संतुलित अंदाजपत्रक सादर'. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय इथे ज्यांची मुले-नातवंडे राहतात असे अनेक मराठी वाचक या बातम्या लक्ष देऊन वाचतात. त्यांना त्या मथळ्यातून फारसे काही कळत नाही, म्हणून हे पत्र.

संतुलित अंदाजपत्रक हा नव्या गव्हर्नरचा पराक्रम नव्हे, ती त्याच्यावरची सक्ती आहे. व्हरमाँटचा अपवाद सोडला तर बहुतेक सर्व राज्यांत राज्यघटनेने किंवा कायद्याने तसे बंधन घातलेले आहे. वॉशिंग्टनमधले केंद्र सरकार वर्षानुवर्षे तूट ठेवून कर्ज काढू शकते, राज्यांना ती मुभा नाही. रस्ते, पूल, इमारती यांसाठी राज्ये रोखे काढतात, पण तो हिशेब वेगळा. पगार, शाळांचे अनुदान, रुग्णालयांची बिले हा चालू खर्च जनरल फंडात, म्हणजे राज्याच्या मुख्य खात्यात, येणाऱ्या पैशातूनच भागवावा लागतो. म्हणजे जमाखर्च जुळणार हे आधीच ठरलेले असते. बातमी असते ती तो कसा जुळवला याची.

पहिला प्रश्न महसुलाच्या अंदाजाचा. बहुतेक राज्यांचे आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होते (न्यूयॉर्कचे 1 एप्रिलला, टेक्ससचे 1 सप्टेंबरला, मिशिगन आणि अलाबामाचे 1 ऑक्टोबरला). प्रस्ताव मांडला जातो जानेवारी ते मार्चमध्ये, आणि त्यातला अंदाज पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंतच्या उत्पन्नाचा असतो. तो कोण करतो, यावर पुष्कळ काही ठरते. मिशिगनमध्ये दरवर्षी जानेवारीत आणि मेमध्ये सरकारचा प्रतिनिधी आणि दोन्ही सभागृहांच्या वित्त कार्यालयांचे प्रमुख एकत्र बसून एकच आकडा ठरवतात. एकदा तो ठरला की वाद फक्त खर्चाचा उरतो. न्यू जर्सीत मात्र राज्यघटनेनुसार महसुलाचा आकडा गव्हर्नर स्वतः प्रमाणित करतो. तिथे विरोधकांनी अंदाजावर शंका घेतली, तर ती निव्वळ राजकारण म्हणून झटकून टाकू नये.

कॅलिफोर्नियाचे 2011 साल या बाबतीत नीट पाहण्यासारखे आहे. गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी 3 जानेवारीला सूत्रे घेतली आणि 10 जानेवारीला प्रस्ताव मांडला. तूट होती 25.4 अब्ज डॉलरची. सुमारे साडेबारा अब्जांची कपात, सुमारे 12 अब्जांचे करउत्पन्न, उरलेले इतर उपायांतून आणि वर एक अब्जाची गंगाजळी, अशी मांडणी होती. पण ते करउत्पन्न मुदत संपत आलेले कर आणखी पाच वर्षे चालू ठेवण्यावर अवलंबून होते आणि त्यासाठी जूनमध्ये मतदारांचा कौल हवा होता. तो प्रश्न मतदारांपुढे नेण्यासाठी विधिमंडळात रिपब्लिकन सदस्यांची थोडी मते लागत होती. ती मिळाली नाहीत आणि प्रस्तावाचा निम्मा आधारच गेला. जूनमध्ये विधिमंडळाने स्वतःचे अंदाजपत्रक मंजूर केले, ते ब्राउन यांनी व्हेटो, म्हणजे नकाराधिकार, वापरून परत पाठवले. मग राज्याचे नियंत्रक जॉन चिआंग यांनी, हे अंदाजपत्रक संतुलितच नाही, असे ठरवून आमदारांचे वेतन रोखले. आदल्या वर्षी मतदारांनी कौल देऊन केलेल्या प्रपोझिशन 25 या कायद्यानुसार 15 जूनपर्यंत अंदाजपत्रक मंजूर झाले नाही तर वेतन बुडते, आणि मंजूर झालेले अंदाजपत्रक संतुलित नसेल तर ते मंजूर धरता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

महिनाअखेरीस जे मंजूर झाले त्यात करवाढ नव्हती. तिच्या जागी सुमारे चार अब्ज डॉलरचा वाढीव महसूल गृहीत धरला होता. तो आला नाही तर कोणती कपात आपोआप लागू होईल, हेही कायद्यातच लिहून ठेवले होते. महसूल कमी पडला आणि डिसेंबरमध्ये जवळपास एक अब्जाची कपात लागू झाली. आमच्या मते आशावादी अंदाज धरायचाच असेल, तर तो धरण्याची ही प्रामाणिक रीत आहे : पैसा आला नाही तर काय कापणार, ते आधीच जाहीर करायचे. चिआंग यांच्या निर्णयाला मात्र न्यायालयाने पुढे चुकीचे ठरवले. विधिमंडळाने स्वतः धरलेल्या महसुलात खर्च बसत असेल तर कायद्याच्या दृष्टीने अंदाजपत्रक संतुलितच, नियंत्रकाला त्यावर निवाडा देता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. 'संतुलित' या शिक्क्याला कायद्यात किती वजन आहे, हे यावरून कळते.

दुसरा प्रश्न : यंदाचा खर्च पुढे ढकलून मेळ बसवला आहे का? याचे मार्ग अनेक आहेत. कॅलिफोर्नियाने 2009 मध्ये एक पगार 30 जूनऐवजी 1 जुलैला द्यायचे ठरवले. एका दिवसाच्या फरकाने सुमारे 1.2 अब्ज डॉलरचा खर्च पुढच्या वर्षात गेला. ॲरिझोनाने 2010 च्या जानेवारीत विधिमंडळाच्या इमारतींसह सरकारी मालमत्ता विकून त्याच भाड्याने घेतल्या आणि 735 दशलक्ष डॉलर उभे केले. असा पैसा एकदाच येतो, त्यावर उभा केलेला खर्च मात्र दरवर्षी येतो. एकवेळच्या पैशातून एकवेळचे काम करावे, जुने कर्ज फेडावे, यात काही वावगे नाही. त्यातून पगारवाढ किंवा कायमची करकपात केली, की पुढच्याच वर्षी भोक उघडे पडते.

यातला सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी दिसणारा मार्ग पेन्शनचा. न्यू जर्सीत नवे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी 16 मार्च 2010 रोजी पहिले अंदाजपत्रक मांडले : 29.3 अब्ज डॉलरचे, 10.7 अब्जांची तूट भरून काढलेले, करवाढ नसलेले. त्या तुटीतले सुमारे तीन अब्ज हे कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडात भरायची रक्कम न भरता 'वाचवलेले' होते. रक्कम न भरल्याने देणे संपत नाही. फंडाचे गुंतवणुकीवरचे उत्पन्नही बुडते, म्हणून पुढे भरायची रक्कम मूळ रकमेहून मोठी होते. हे क्रिस्टींपासून सुरू झाले असेही नाही, दोन्ही पक्षांच्या गव्हर्नरांनी वर्षानुवर्षे तेच केले होते. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने न्यू जर्सीवर, रोखे विकताना पेन्शनची खरी स्थिती गुंतवणूकदारांपासून लपवल्याचा ठपका ठेवला. एखाद्या राज्यावर अशी कारवाई होण्याची ती पहिलीच वेळ होती.

त्याच अंदाजपत्रकात तिसरा प्रश्नही दिसतो : राज्याने आपला भार खालच्या संस्थांवर टाकला का? शाळांची मदत 820 दशलक्ष डॉलरनी कापली गेली. अमेरिकेत शाळेचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून निघतो. राज्याची मदत घटली की स्कूल डिस्ट्रिक्टपुढे (त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेपुढे) दोनच वाटा उरतात, शिक्षक कमी करणे किंवा घरमालकांचा कर वाढवणे. एप्रिलमध्ये शाळांची अंदाजपत्रके मतदानाला आली तेव्हा निम्म्याहून जास्त ठिकाणी लोकांनी ती फेटाळली. 'राज्यात करवाढ नाही' हे गव्हर्नरचे वाक्य खरेच होते, फक्त कराचा प्रश्न गावच्या बिलावर गेला होता.

मेडिकेडच्या कपातीबद्दलच्या प्रतिक्रिया वाचताना एक गणित ध्यानात ठेवावे. गरिबांच्या या आरोग्ययोजनेत केंद्राचा वाटा मूळ नियमाने किमान निम्मा असतो, गरीब राज्यांत त्याहून जास्त. निम्मा वाटा असलेल्या राज्याला आपले 100 दशलक्ष डॉलर वाचवायचे असतील तर सेवा 200 दशलक्षांच्या कापाव्या लागतात, कारण केंद्राचे 100 दशलक्षही त्याबरोबर जातात. केंद्राचा वाटा 75 टक्के असेल तर 400 दशलक्षांच्या. रुग्णालये कपातीचा आकडा गव्हर्नरपेक्षा दुप्पट-चौपट सांगतात तेव्हा ती अतिशयोक्ती करत असतीलच असे नाही.

आणि कायदेशीर धोका. इलिनॉयची राज्यघटना सांगते की सरकारी पेन्शनचे लाभ कमी करता येणार नाहीत. तरीही तिथले नवे गव्हर्नर ब्रूस राउनर यांनी फेब्रुवारी 2015 च्या पहिल्या प्रस्तावात पेन्शन बदलांतून 2.2 अब्ज डॉलरची बचत धरली. आदल्या सरकारने केलेला पेन्शन कायदा तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अडकलेला होता. 8 मे रोजी न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. त्या बचतीचे भवितव्य सांगायला वेगळा निकाल लागत नव्हता. पुढे करवाढ आणि गव्हर्नरच्या इतर अटींवरून असा पेच पडला की राज्याला दोन वर्षांहून जास्त काळ पूर्ण अंदाजपत्रकच मिळाले नाही. 6 जुलै 2017 रोजी विधिमंडळाने गव्हर्नरचा व्हेटो मोडून काढला, प्राप्तिकर 3.75 वरून 4.95 टक्क्यांवर नेला. थकलेली बिले त्या नोव्हेंबरात 16 अब्ज डॉलरच्या वर गेली होती. त्यांतल्या अनेक बिलांवर महिन्याला एक टक्का दंडव्याज चढत होते, आणि शेवटी जुनी बिले फेडायला सहा अब्जांचे रोखे काढावे लागले.

आपल्या वार्ताहरांना विनंती अशी, की प्रस्तावाच्या पहिल्याच बातमीत चार आकडे द्यावेत : महसुलात किती टक्के वाढ धरली आहे, एकवेळचा पैसा किती, पेन्शन फंडात ठरलेल्या रकमेपैकी किती भरणार, आणि वर्षअखेरीस राखीव निधी आजच्यापेक्षा वाढणार की घटणार. हे चारही अंदाजपत्रकाच्या सारांशात किंवा त्याला जोडलेल्या तक्त्यांत शोधता येतात. हे आकडे समोर असले की कोणाच्या प्रतिक्रियेत तथ्य आहे, ते वाचक स्वतः ठरवू शकतो. नवा गव्हर्नर निवडणुकीनंतर दोन-अडीच महिन्यांत पदावर येतो आणि खात्यांच्या मागण्या आधीच्या सरकारने गोळा केलेल्या असतात, हेही सांगायला हवे. व्हर्जिनियात तर मावळता गव्हर्नरच डिसेंबरमध्ये दोन वर्षांचे अंदाजपत्रक मांडून जातो, नव्याच्या हाती केवळ दुरुस्त्या उरतात. त्याच्या श्रेय-अपश्रेयाचा हिशेब त्या मानाने करावा.

यंदा आणखी एक ओळ तपासावी लागेल. जुलै 2025 च्या केंद्रीय कायद्यानुसार स्नॅप या अन्नसाहाय्य योजनेच्या प्रशासकीय खर्चातला केंद्राचा वाटा 1 ऑक्टोबर 2026 पासून 50 वरून 25 टक्क्यांवर येतो, म्हणजे राज्यांचा वाटा निम्म्यावरून पाऊण होतो. जुलै 2026 मध्ये सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षातले नऊ महिने त्यात येतात. ज्या प्रस्तावात या वाढीव खर्चाची तरतूद दिसत नाही, तिथे हा पैसा कुठून येणार, हे गव्हर्नरच्या कार्यालयाला विचारून मगच बातमी छापावी.

आपला विश्वासू,
एक वाचक