‘तीन महिने’ म्हणजे नव्वद दिवस नव्हेत

मा. संपादक, यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत युरोपच्या सहलींवर लेख येतात. कुठलं शहर कुठल्या ऋतूत पाहावं, सामान किती न्यावं, सगळं त्यात असतं. शेंगेन व्हिसाबद्दल, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाबद्दल, मात्र ‘वेळेत काढून घ्यावा’ एवढ्यावर भागवलं जातं. आठ-दहा दिवसांच्या सहलीला जाणाऱ्याला तेवढं पुरतं, त्याचं सगळं टूरवाले बघतात. लेकीच्या बाळंतपणाला किंवा नातवंडं सांभाळायला जाणाऱ्या आईवडिलांचं तसं नसतं. त्यांना जास्तीत जास्त राहायचं असतं, आणि गोची होते ती दिवसांच्या हिशेबात.

नियम आहे कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांचा. आपल्याकडे त्याचे सर्रास ‘तीन महिने’ होतात आणि त्यावर तिकिटं निघतात. १ मे ते ३१ जुलै हे तीन महिनेच, पण दिवस भरतात ९२! उतरल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. रात्री पावणेबाराला इमिग्रेशनमधून बाहेर पडलात तरी तो अख्खा दिवस खर्ची पडला.

दुसरा घोळ जाणकारांच्या सल्ल्याने होतो. ‘लंडन शेंगेनच्या बाहेर आहे, चार दिवस तिकडे जाऊन या, नव्वद दिवस नव्याने सुरू होतात,’ असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक नात्यागोत्यात आहेत. तसं काही होत नाही. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस मोजले जातात. लीप नसलेल्या वर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च राहिलात, की ९० दिवस संपले. पुढे ३० जूनच्या आधी परत येता येत नाही, मग मधल्या काळात लंडनला जा नाहीतर घरी बसा. शिवाय व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर लंडनला गेल्याबरोबर तो संपतो आणि परतीची वाटच बंद होते. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिथले दिवसही याच हिशेबात येतात. आयर्लंड आणि सायप्रस मात्र बाहेर.

व्हिसाचं स्टिकर नीट वाचायला तर कोणी सांगतच नाही. त्यावर कधीपासून-कधीपर्यंतच्या तारखा असतात, प्रवेश किती वेळा ते असतं आणि किती दिवस राहायचं तो आकडा वेगळा असतो. माझ्या नात्यातल्या एका बाईंच्या स्टिकरवर १० जून ते २४ जुलै अशा तारखा होत्या आणि दिवस होते ३०. मुलाने आग्रह केला म्हणून परतीचं तिकीट २२ जुलैचं केलं गेलं. एजंटाला विचारलं तर तो म्हणाला, ‘२४ पर्यंत व्हिसा आहे ना, मग बिनधास्त जा.’ वास्तविक ते वरचे पंधरा दिवस प्रवासाची तारीख पुढेमागे झाली तर सोय म्हणून दिलेले असतात, राहण्यासाठी नव्हे. १० जूनला उतरल्या तर ९ जुलैला निघणं भाग होतं. सुनेने स्टिकरचा फोटो मागवून पाहिला म्हणून निभावलं. तिकीट बदलायचा भुर्दंड पडला तो पडलाच.

भारतीयांना २०२४ पासून, आधीचे दोन व्हिसा तीन वर्षांच्या आत रीतसर वापरलेले असतील तर, दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. चांगली सोय आहे. पण त्याचा अर्थ दोन वर्षं राहायला परवानगी असा कोणी घेऊ नये. ९० आणि १८० चा हिशेब तिथेही सुटत नाही.

पूर्वी शिक्का पुसट उमटला की खपून जायचं म्हणतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे जादा राहिलेला एक दिवसही आपोआप दिसतो. दंड, प्रवेशबंदी हे पुढचं.

आणखी एक सांगतो. व्हिसा आहे म्हणून आत सोडलंच पाहिजे असं सीमेवरच्या अधिकाऱ्यावर बंधन नसतं. तो परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, पैशांची सोय, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा यांतलं काहीही विचारू शकतो. आपली ज्येष्ठ मंडळी ही फाइल हरवू नये म्हणून मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीत ठेवतात, आणि ती बॅग मिळते इमिग्रेशननंतर! कागद हातातल्या पिशवीत हवेत.

उन्हाळी सहलींच्या लेखांबरोबर आपण एवढी माहिती चौकटीत द्यावी, आणि युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर दिवस मोजायची मोफत सोय आहे तिचाही उल्लेख करावा. तिथे गेल्यावर आजारपण किंवा तशीच खरी अडचण आली तर मुदतवाढ मागता येते. पण मुदत संपायच्या आत, त्या देशातल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन. इथल्या एजंटाला फोन करून ते काम होत नाही.

आपला,
एक नियमित वाचक