‘बिड’ स्वीकारण्यापूर्वी

संपादक महोदय,

अमेरिकेत पदवीसाठी निघालेल्या मुलांच्या घरी फी, व्हिसा, वसतिगृह यांवर महिनोन्‌महिने खल होतो. फ्रॅटर्निटी (मुलांच्या) आणि सोरोरिटी (मुलींच्या) या विद्यार्थी-संघटनांचा विषय मात्र निघत नाही. अनेक विद्यापीठांत सत्र सुरू होताच त्यांची भरती, म्हणजे ‘रश’, सुरू होते आणि अठरा वर्षांच्या मुलाला एकट्याने निर्णय घ्यावा लागतो.

या संघटनांचा जोर त्यांच्या घरांत आहे. अमेरिकेत मद्यपानाचे कायदेशीर वय 21. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बहुतेकांना बार बंद, वसतिगृहात नियम कडक. फ्रॅटर्निटीकडे स्वतःचे घर असते. सोरोरिटींच्या घरांत बहुधा दारूला मनाई असते, म्हणून पार्ट्या मुलांच्या घरी होतात. दारातून कोणाला आत घ्यायचे आणि पेल्यात काय ओतायचे, हे यजमान मुलगे ठरवतात. मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न इथून सुरू होतो आणि नुसत्या जागृती-व्याख्यानांनी तो सुटणारा नाही.

सोरोरिटीच्या औपचारिक भरतीत अनेक फेऱ्या असतात. दोन्ही बाजू पसंती कळवत जातात, यादी लहान होते. शेवटच्या ‘प्रेफरन्स’ फेरीनंतर मुलगी एका करारावर सही करते. त्यात तिने लिहिलेल्या सोरोरिटीकडून प्रवेशाचे निमंत्रण, म्हणजे ‘बिड’, आली आणि तिने ती नाकारली, तर त्या कॉलेजात पुढच्या मुख्य भरतीपर्यंत नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरोरिटींच्या महासंघातील दुसऱ्या कोणत्याही सोरोरिटीत तिला जाता येत नाही. म्हणून मनात नसलेले नाव भिडेखातर लिहू नये.

पैशांचे सगळे आधी लेखी मागावे. पहिल्या सत्रात वर्गणीखेरीज दीक्षा आणि बिल्ल्याचे शुल्क असते. गैरहजेरीचा दंड, जेवणाचा खर्च, संघटनेच्या घरात राहण्याची सक्ती आणि मध्येच सोडल्यास परतावा, हेही विचारावे.

सर्वांत गंभीर बाब हेझिंगची, म्हणजे नव्या सदस्यांच्या छळाची. 2017 मध्ये पेन स्टेट विद्यापीठात टिमथी पियाझा हा विद्यार्थी यातच दगावला. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने कायदा कडक केला. फोन काढून घेणे, झोपू न देणे, ‘बाहेर बोलायचे नाही’ अशी ताकीद, ही लक्षणे. ‘बिग-लिटल’च्या, म्हणजे नव्या सदस्याची ज्येष्ठाशी जोडी जुळवण्याच्या, रात्री ज्येष्ठ सदस्य नव्याच्या हाती दारूची अख्खी बाटली देतो, तेव्हा धोका जिवाचा असतो. पिणे थांबल्यावरही रक्तातील अल्कोहोल काही काळ वाढतच राहते. म्हणून ‘झोपू दे, उतरेल’ हा सल्ला प्राणघातक ठरतो. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवून 911 या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा, त्याला एकटे सोडू नये. अनेक राज्यांत असा फोन करणाऱ्याला अल्पवयीन मद्यपानाच्या कारवाईपासून संरक्षण आहे. भीतीपोटी मुले फोन करत नाहीत, म्हणून हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगायला हवे.

या संघटनांनी दिलेला आधारही खरा आहे. हजारोंच्या विद्यापीठात ओळखीची पन्नास माणसे आणि नोकरी शोधताना माजी सदस्यांचा हात, ही थोडी गोष्ट नाही. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 1906 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात अल्फा फाय अल्फा ही फ्रॅटर्निटी उभारली, ती एकटे पडल्यामुळेच. तरीही पहिल्या सत्रात सदस्य न होता थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी वर्गातले, वसतिगृहातले मित्र जोडले, तर नंतर ‘नाही’ म्हणणे जड जात नाही. डार्टमथ कॉलेजात तर दुसऱ्या वर्षापूर्वी या संघटनांत प्रवेशच मिळत नाही.

डिसेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या संघीय कायद्यानुसार हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची नावे कॉलेजांना आपल्या संकेतस्थळावर द्यावी लागतात. पालकांनी तो अहवाल स्वतः शोधून वाचावा. कॉलेजात गेल्यावर शैक्षणिक नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो, त्यामुळे कॉलेज आपणहून घरी कळवेल, या भरवशावर राहू नये.

— काही वाचक